पाच स्टडच्या हबला तीन पायांचा पुलर: जुन्या जीपवर वापरून पाहिलेलं अवजार

मी टर्नर आहे. आयुष्य लेथवर गेलंय, त्यामुळे कुठलंही अवजार हातात आलं की आधी त्याचे आटे बघतो आणि मग रंग. हा पुलर, म्हणजे घट्ट बसलेला भाग ओढून काढायचं अवजार, मी माझ्यासाठी मागवला नव्हता. मेहुण्याची विलीस सीजे-3बी आहे, 1953 ते 1968 या काळात निघालेलं ते उंच बॉनेटचं मॉडेल. बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. मागच्या ब्रेकचं तेल गळत होतं, आणि ड्रम उतरवल्याशिवाय आतल्या व्हील सिलिंडरला हात लागत नाही. रिम निघाली, पण हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो मधला भाग, आणि ड्रम जागचे हलेनात.

अशा वेळी लोक पहिल्यांदा घण शोधतात. मेहुण्यानेही शोधला. मी त्याला म्हटलं, आधी नेमकं काय अडकलंय ते बघू.

कारण "चाक निघत नाही" या एका तक्रारीत तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. रिमचं मधलं भोक हबच्या उंचवट्यावर गंजून बसलेलं असेल, तर पुलरचं कामच नाही. चाकाचे नट एक-दोन फेरे सैल करायचे, पूर्ण काढायचे नाहीत, गाडी जमिनीवर टेकवायची आणि हाताने डावी-उजवीकडे हलवायची. गाडीच्या वजनानेच रिम सुटते. दुसरं म्हणजे, ड्रम थोडा बाहेर येतो आणि मग अडतो. तिथे ब्रेक शू घासून ड्रमच्या आत एक कड तयार झालेली असते आणि शू त्या कडेत अडकतात. मागच्या पत्र्यावरचे अ‍ॅडजस्टर फिरवून शू आत घेतले की झालं. तिसरा प्रकार आमचा. हब एका केसानेही हलत नाही, कारण तो अ‍ॅक्सलच्या निमुळत्या टोकावर, म्हणजे टेपरवर, बसलेला आहे.

टेपर हे माझ्या रोजच्या कामातलं प्रकरण. लेथच्या टेलस्टॉकमध्ये ड्रिल बसतं ते मोर्स टेपरवर, साधारण वीसास एक या उताराने. हाताने नुसतं खुपसलं तरी ते धरून बसतं, आणि काढायला मागून रेटा द्यावा लागतो. जीपच्या मागच्या अ‍ॅक्सलवर हबचं तेच होतं. फरक इतकाच की इथे तो हब नटने दीडशे फूट-पाउंडाला, म्हणजे सुमारे 200 न्यूटन-मीटरला, आवळलेला असतो आणि वर कित्येक वर्षांचा गंज. मध्ये एक चौकोनी की, म्हणजे खाचेत बसणारा पोलादी तुकडा, असते. पुष्कळ जणांना वाटतं की चाक त्या कीमुळे फिरतं. खरं तर जोर सगळा टेपरच्या घर्षणावर जातो, ती की फक्त आधाराला असते. नट सैल राहिला आणि टेपर सुटला की तीच की कापली जाते आणि गाडी जागेवर थांबते. तेव्हा टेपर घट्ट बसलाय हे खरं तर चांगलं लक्षण, फक्त आपल्याला आज तो नको असतो.

आता अवजाराबद्दल. जाड बिडाचा नव्हे, घडीव पोलादाचा मधला गोळा आहे. त्यात 24 मिलिमीटर व्यासाचा, 2 मिलिमीटर पिचचा स्क्रू. गोळ्याच्या खाचांत पाय बसतात आणि प्रत्येक पायाच्या टोकाला लांबट भोक आहे, ते चाकाच्या स्टडवर, म्हणजे नट लागतो त्या आट्यांच्या खुंटीवर, चढतं. वर चाकाचाच नट लावायचा. स्क्रूचं टोक अ‍ॅक्सलच्या मधोमध टेकतं. स्क्रूच्या डोक्यावर एक जाडजूड आखूड पाना बसतो, दोन्ही टोकांना फुगीर, त्या फुगीर टोकावर हातोडा मारायचा. स्क्रूचे आटे मी भिंगाखाली पाहिले. कापलेले नाहीत, रोल केलेले आहेत, आणि वरचा काळा थर कडक आहे. फाईलचा कोपरा घासून पाहिला, घसरला. या बाबतीत बनवणाऱ्याने कंजूषी केलेली नाही. गोळ्याच्या खाचांतले बर, म्हणजे कापताना राहिलेल्या धारदार कडा, मात्र तसेच ठेवलेत. पहिल्याच दिवशी हातमोजा फाटला. फाईल घेऊन बसलो आणि सगळ्या कडा मोडून घेतल्या.

हाच प्रकार का घ्यायचा, तीन नख्यांचा नेहमीचा बेअरिंग पुलर का नाही, हा प्रश्न मेहुण्याने विचारला होता. नख्यांचा पुलर ड्रमच्या कडेला धरून ओढतो. या जीपमध्ये ड्रम आणि हब स्टडनी एकमेकांत दाबून धरलेले असतात, पण ड्रमची कड असा ओढा सहन करायला केलेलीच नाही. ती वाकते, किंवा तडकते. मग ब्रेक दाबल्यावर पायाला थरथर जाणवते आणि दोष भलत्याच जागी शोधला जातो. स्टडला धरून ओढलं की जोर थेट हबच्या जाड भागावर पडतो. तिथेच तो पडायला हवा.

थोडा हिशेब मांडतो. स्क्रूवर 300 न्यूटन-मीटरचा पीळ दिला, आटे कोरडे असले, तर 24 मिलिमीटरच्या स्क्रूतून साधारण सहा टनांहून थोडा जास्त ओढा निघतो. त्याच आट्यांना मॉलिब्डेनमचं ग्रीस लावलं तर त्याच पिळात आठ टनांच्या पुढे जातो. हाताचा जोर तोच, वाया जाणारा भाग फक्त कमी झाला. पुलरबरोबर आलेल्या कागदावर ग्रीसचा उल्लेखही नाही. टोकालाही ग्रीस हवं, कारण स्क्रूचं टोक अ‍ॅक्सलवर घासत फिरतं. वर त्या टोकाला फिरती टोपी नाही. मी लेथवर पितळेची एक टोपी करून घेतली, आतून गोलाई दिलेली. ज्याच्याकडे लेथ नाही त्याने काय करायचं, हे बनवणाऱ्याने सांगावं.

त्या कागदावरची दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. त्यात लिहिलंय की स्क्रू घट्ट आवळून झाल्यावर त्याच्या डोक्यावर, सरळ अ‍ॅक्सलच्या दिशेने, घण मारा. काही अ‍ॅक्सलवर ते चालत असेल. या जीपच्या मागच्या डाना 44 मॉडेलच्या जोडणीत दोन्ही बाजूंचे अ‍ॅक्सल आत मधोमध एका ठोकळ्यावर टेकतात. इकडून मारलेला दणका त्या ठोकळ्यातून पलीकडच्या अ‍ॅक्सलला आणि तिथून पलीकडच्या बेअरिंगला पोहोचतो. म्हणजे हब उजवा, मार खातो डावीकडचा बेअरिंग. मेहुणा हातोडा उगारून उभाच होता.

"दाजी, सरळ टोकावर हाणतो एक."

"टोकावर नको रे. पान्याच्या कानावर मार, फिरेल असा."

पान्याच्या फुगीर टोकावर आडवा मार दिला की स्क्रू फिरतो, ओढा वाढतो, आणि प्रत्येक मारासरशी एक हादरा टेपरपर्यंत जातो. गंज मोडायला तो हादरा लागतो. नुसत्या सावकाश ओढीपेक्षा ओढ अधिक हादरा ही जोडी कधीही सरस. या पुलरचा खरा गुण मला तो आखूड पाना वाटतो. लांब पाईप लावून कितीही पीळ देता येईल, पण हादरा देता येणार नाही. फक्त हा पाना स्क्रूच्या डोक्यावर जरा जास्तच सैल बसतो. मारताना उडतो. मी दोन बाजूंना पत्र्याच्या पातळ पट्ट्या घातल्या, मग नीट बसला.

आता पायांकडे येतो, कारण माझी मोठी तक्रार तिथे आहे. डब्यात तीन पाय येतात. उरलेले दोन वेगळे मागवावे लागतात. जीपच्या चाकाला स्टड पाच, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर. पाच स्टडांवर तीन पाय कसेही लावा, सारख्या अंतरावर बसत नाहीत. दोन पाय शेजारी येतात, 72 अंशांवर, आणि तिसरा समोर एकटा. स्क्रू सरळ राहायचा असेल तर त्या एकट्या पायावर शेजारच्या प्रत्येक पायापेक्षा दीडपटीहून जास्त भार पडतो. सहा टनांच्या ओढ्यात एकटा स्टड पावणेतीन टनांच्या जवळ घेतो आणि बाकीचे दोन प्रत्येकी पावणेदोनच्या खाली. पाच पाय असते तर प्रत्येकावर सव्वा टन. अर्ध्या इंचाचा जुना, गंजलेला स्टड आणि हबचा पातळ झालेला फ्लँज (स्टड बसतात ती चकती) यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे. चार किंवा सहा स्टडच्या गाडीला दोन किंवा तीन पाय सारखे वाटून बसतात, तिथे अडचण नाही. पण डब्यावर छापलेलं चित्र पाच स्टडच्या जीपचंच आहे! मी उरलेले दोन पाय आल्याशिवाय स्क्रूला हात लावू दिला नाही. त्यावरून घरात थोडी धुसफूस झाली, ती असो.

पाय आल्यावर काम सुरू केलं. पुढच्या चाकांना ठोकळे, मागे घोड्या, जॅकच्या भरवशावर काहीही नाही. स्प्लिट पिन काढली. अ‍ॅक्सलचा नट सैल केला, पण काढला नाही. अ‍ॅक्सलच्या टोकाशी समपातळीत येईपर्यंतच मागे घेतला. ही पायरी कुणीही गाळू नये. टेपर सुटतो तेव्हा बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो, आणि सगळा साठलेला ताण एका क्षणात मोकळा होतो. नट नसेल तर हब, ड्रम आणि पुलर असं सगळं मिळून समोरच्या माणसाच्या अंगावर येतं. नट असला की ते दोन-चार मिलिमीटर उडी मारून तिथेच थांबतं. शिवाय आट्यांचं टोकही चेपत नाही. आणि तरीही मारणाऱ्याने समोर उभं राहू नये, बाजूला राहावं.

विलीसच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या स्टडना उलटे आटे असतात. टोकावर बहुधा एल हे अक्षर कोरलेलं दिसतं. हा पुलर चाकाचेच नट वापरतो, त्यामुळे डावे नट एका डब्यात आणि उजवे दुसऱ्यात असं आधीच वेगळं करा. उलट्या आट्यावर सुलटा नट जोराने चढवून स्टड खलास केलेली गाडी माझ्या लेथवर कधीतरी येतेच.

उजवा हब फार त्रास न देता सुटला. स्क्रू आवळला, पान्यावर चार पौंडी हातोड्याचे मार, पुन्हा आवळला, पुन्हा मार, आणि मग तो आवाज. मेहुण्याने हातोडाच टाकला.

डावा वेगळ्या जातीचा निघाला. स्क्रू आणखी फिरेना, हब हलेना. इथे पुष्कळ जण गॅसची टॉर्च पेटवतात. उष्णतेने काम होतं, हे हिशेबानेही खरं आहे. 30 मिलिमीटरच्या भोकाचा हब अ‍ॅक्सलपेक्षा शंभर अंशांनी जास्त तापवला तर भोक साडेतीन शतांश मिलिमीटरने मोठं होतं, आणि टेपरला तेवढं खूप झालं. अट एवढीच की हब पटकन तापला पाहिजे. सावकाश तापवलं तर अ‍ॅक्सलही बरोबरीने फुगतो आणि हाती काही लागत नाही. पण हबच्या मागे लगेच ऑइल सील आहे, बेअरिंगचं ग्रीस आहे, आणि आमच्या बाबतीत गळणारं ब्रेकचं तेल. जळणाऱ्या वस्तू जिथे तिथे. त्यात ब्रेक क्लीनर मारलेला असेल आणि तो क्लोरीनच्या जातीचा असेल, तर तापल्यावर त्यातून फॉस्जीन निघू शकतो, आणि तो विषारी वायू आहे. जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरूनच चालावं, म्हणून ड्रम निघाल्यावर धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. मी टॉर्च बाजूला ठेवायला सांगितली.

त्याऐवजी स्क्रू होता त्या ताणावर ठेवला, कीच्या खाचेत गंज सोडवणारं पातळ तेल सोडलं आणि रात्रभर तसंच राहू दिलं. तेलाबद्दल माझं मत फार चांगलं नाही. टेपरच्या दोन पृष्ठांमध्ये जागाच इतकी थोडी की तेल आत शिरणार कुठून? कीची खाच हाच एक रस्ता, म्हणून तिथेच सोडायचं. अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) निम्मं-निम्मं मिसळून वापरणारेही आहेत. ते दोन्ही एकत्र टिकत नाहीत, दर वेळी हलवून घ्यावं लागतं, आणि अ‍ॅसिटोन ठिणगीला लगेच पेटतं. स्टडच्या नटांना असली तेलं छान लागू पडतात. टेपरवर श्रेय बहुतेक वेळा ताणाचं असतं आणि नाव तेलाचं होतं.

सकाळी स्क्रू हाताला किंचित सैल लागला. म्हणजे रात्री कुठेतरी काहीतरी सरकलं होतं. पुन्हा आवळून पान्याच्या कानावर मार द्यायला लागलो आणि थोड्याच वेळात डावाही सुटला. पुलरचा स्क्रू सरळ, आटे जसेच्या तसे, पाय कुठे वाकलेले नाहीत. फक्त एका पायाचं लांबट भोक स्टडच्या आट्यांनी जरा चरलंय. तिथे जाड वॉशर घातला असता तर तेही झालं नसतं, आणि ते वॉशर डब्यात द्यायला काय हरकत होती, हे मला कळत नाही.

पुलरशिवाय टेपर सोडवायची एक जुनी युक्ती सांगितली जाते. नट थोडा सैल करून स्प्लिट पिन परत घालायची आणि गाडी रिकाम्या जागेत हळूहळू आठच्या आकड्यात फिरवायची. टेपर सुटतो, हे खरं. पण त्या क्षणी चाकाचा जोर त्या बिचाऱ्या कीवर येतो. ज्या गाडीचे ब्रेक गळतायत तिच्यावर मी हा प्रयोग करू देणार नाही. ब्रेक धड असले तरी मला पुलरच पसंत आहे.

हब निघाल्यावर खरं काम सुरू होतं, तेव्हा त्याबद्दलही दोन शब्द. डाव्या टेपरवर प्रशियन ब्लू, म्हणजे कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग, लावून हब दाबून पाहिला. जाड टोकाकडे रंग नीट उठला, बारीक टोकाकडे ठिपके. गंज होता, चर नव्हती. अगदी बारीक पेस्टने हब हाताने टेपरवर फिरवून घासला, सगळीकडे सारखा रंग येईपर्यंत, मग पेस्ट पुसून पुसून काढली. टेपरवर ग्रीस लावावं की नाही यावर दोन तट आहेत. मी कोरड्या बाजूचा. ग्रीस लावलं की त्याच पिळात हब टेपरवर जास्त आत ओढला जातो आणि घर्षणही घटतं, जे इथे नकोच. की नवीन घातली. नट 200 न्यूटन-मीटरला आवळला. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा, मागे घ्यायचा नाही. थोडं चालवून झाल्यावर तो पुन्हा तपासायचा. नवीन बसवलेला टेपर पहिल्या काही किलोमीटरांत अजून थोडा आत जातो आणि नट तेवढाच सैल पडतो.

तर पुलर घ्यावा का? मागे टेपरचा अ‍ॅक्सल असलेली जुनी जीप असेल तर घ्या, पण पाच पायांसह घ्या. तीन पायांचा डबा पाच स्टडच्या गाडीला पुरेसा नाही, दुकानदार काहीही म्हणो. 1976 ते 1986 च्या बहुतेक सीजे गाड्यांत एएमसी 20 हा मागचा अ‍ॅक्सल येतो. त्यातही हब टेपरवर दाबून बसवलेला असतो आणि हा पुलर तिथेही चालेल. मात्र त्या हबच्या आतले दाते तो पहिल्यांदा बसवताना अ‍ॅक्सलच्याच दात्यांनी कोरलेले असतात, म्हणून काढण्याआधी हब आणि अ‍ॅक्सलवर खूण करून ठेवा आणि तोच हब त्याच जागी परत घाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली विलीस एमबी जीप असेल तर पैसे वाचवा. तिचा मागचा अ‍ॅक्सल फुल फ्लोटिंग आहे. फ्लँजचे बोल्ट काढले की अ‍ॅक्सल बाहेर ओढता येतो, आणि हब दोन नटांवर, बेअरिंगवर फिरत असतो, टेपरवर नाही. तिथे हा पुलर लावायला जागाच नाही. गाडी कुठली आहे ते नक्की माहीत नसेल तर हबच्या मधली टोपी काढून बघा. मधोमध खाचांचा मोठा नट आणि आडवी स्प्लिट पिन दिसली तर टेपर. बोल्टांनी बसवलेला गोल फ्लँज दिसला तर फुल फ्लोटिंग. ऑर्डर त्यानंतर टाका.